सूत्र कीं संबंध ? : गणितांतील ‘फलना’च्या कल्पनेचा इतिहास

गणिताच्या शिक्षणांत एक पायरी अशी आहे कीं, तेथपर्यंत सुखरूप आलेलीं पुष्कळ मुलें तिच्यापाशीं येऊन अडखळतात. अंकगणित त्यांना जमलेलें असतें, बीजगणितांतलीं समीकरणें सोडवितां येतात, भूमितीचे सिद्धान्तहि बरेचसे अंगवळणीं पडलेले असतात. मग दहावीनंतरच्या वर्गांत ‘फलन’ या नांवाचें प्रकरण येतें. इंग्रजी माध्यमाचीं मुलें त्यालाच ‘फंक्शन’ म्हणतात. प्रकरणाच्या आरंभींच दोन ओळींची व्याख्या दिलेली असते : एका संचांतील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचांतील एक आणि एकच घटक जोडून देणारा नियम म्हणजे फलन. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतो, परीक्षेंत जशीच्या तशी लिहितो आणि गुणहि मिळवितो. पण त्याच मुलाला विचारून पाहा : “काल दिवसभर गच्चीवरचें तपमान दर तासाला बदलत गेलें. तें तपमान वेळेचें फलन आहे काय ?” बहुधा उत्तर येतें, “नाहीं. त्याचें सूत्र कोठें आहे ?”

हें उत्तर चूक आहे. परंतु त्या चुकीवरून घरोघर जो निकाल दिला जातो, तो त्याहून मोठा चूक आहे. “याला गणितांत गति नाहीं,” असें एकदां ठरलें कीं मुलाचा विषय बदलतो, आणि विषयाबरोबर पुष्कळदां आयुष्याची दिशाहि बदलते. माझा सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत गेला. मी कांहीं विद्वान् गणितज्ञ नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं. तथापि शिकवितां शिकवितां या विषयाचा इतिहास वाचीत गेलों, आणि माझी खात्री झाली कीं, वरील उत्तर देणारा मुलगा मंद नाहीं. तो फक्त इ.स. १७४८ सालीं उभा आहे. त्या सालीं युरोपांतील सर्वश्रेष्ठ गणितज्ञाचेंहि उत्तर हेंच होतें. पाठ्यपुस्तकांतली ती दोन ओळींची व्याख्या म्हणजे एका फार लांबलेल्या वादाचा शेवटचा निकाल आहे. वाद काय होता हें न सांगतां नुसता निकाल वाचून दाखविला, तर ऐकणाराला त्याचा अर्थ कसा लागावा ? म्हणून आज त्या वादाची हकीकत सांगावी असा विचार आहे.

आरंभ आपल्या घरच्या शब्दापासून करूं. ‘फलन’ या शब्दांत ‘फल’ आहे, आणि तें आपल्या गणितांत फार जुनें आहे. आपल्यांपैकीं अनेकांनीं शाळेंत त्रैराशिक केलें असेल. पांच नारळांना दीडशें रुपये पडतात, तर बारा नारळांना किती ? येथें पांच हें ‘प्रमाण’, दीडशें हें ‘प्रमाणफल’, बारा ही ‘इच्छा’, आणि जें काढावयाचें तें ‘इच्छाफल’. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत हीच परिभाषा आहे. शब्द किती नेमके आहेत पाहा. इच्छा आपल्या हातची. तिला बारा करा, वीस करा, शंभर करा. फल मात्र आपल्या हातचें नाहीं. इच्छा एकदां ठरली कीं फल ठरलेंच. आजचा गणिती ज्याला स्वतंत्र चल म्हणतो ती ही इच्छा, आणि ज्याला अवलंबी चल म्हणतो तें हें इच्छाफल.

मग आपल्या पूर्वजांना फलनाची कल्पना होती असें म्हणावें काय ? मी तसें म्हणणार नाहीं, आणि कां तें सांगतों. त्रैराशिक करणाराचें लक्ष एका उत्तरावर असतें. बारा नारळांचे तीनशें साठ रुपये झाले कीं काम संपलें. सर्व इच्छा आणि त्यांचीं सर्व फलें यांना जोडणारा जो नियम, तोच हातांत घेऊन न्याहाळावा, त्याला नांव द्यावें, एका नियमाची दुसऱ्याशीं तुलना करावी, ही दृष्टि वेगळी आहे. उत्तराकडून नियमाकडे वळणें हीच ती अवघड पायरी होय.

मात्र या पायरीच्या अगदीं जवळ आपले ज्योतिषी येऊन गेले होते. आर्यभटानें ४९९ सालच्या सुमारास ‘आर्यभटीय’ रचलें. त्यांत ज्यांचें, म्हणजे कोनावर अवलंबून असणाऱ्या एका लांबीचें, कोष्टक आहे. २२५ कलांच्या टप्प्यानें चोवीस मूल्यें दिलीं असून त्रिज्या ३४३८ कला धरली आहे. हें झालें कोष्टकरूप फलन. पुढें सातव्या शतकांत पहिल्या भास्करानें—हा लीलावतीकार भास्कराचार्य नव्हे—कोष्टकावांचून ज्या काढण्याची एक सुंदर रीत सांगितली. आजच्या भाषेंत ती अशी : कोनाचे अंश घ्या, ते १८० मधून वजा करून जें उरेल त्यानें त्या अंशांना गुणा. हा गुणाकार बाजूला ठेवा. त्याची चौपट हा अंश, आणि ४०५०० मधून तो गुणाकार वजा केला असतां उरतो तो छेद. तीस अंशांसाठीं गुणाकार ४५०० येतो; त्याची चौपट १८०००, छेद ३६०००, आणि उत्तर बरोबर अर्धें. नव्वद अंशांसाठीं बरोबर एक. मात्र साठ अंशांसाठीं उत्तर सुमारें ०·८६४९ येतें, खरें मूल्य सुमारें ०·८६६० आहे. म्हणजे सूत्र थोडें चुकतें. पण तें चुकतें असें आपण म्हणतों, तें कशाच्या तुलनेनें? सूत्राच्या मागें सूत्राहून निराळें असें कांहींतरी उभें आहे, आणि सूत्र त्याच्या जवळ जाण्याची खटपट करीत आहे. हें ‘कांहींतरी’ म्हणजे कोन आणि ज्या यांच्यामधला संबंध. तोच फलन. सूत्र हें त्याचें एक वस्त्र आहे.

आतां युरोपकडे वळूं; कारण हा संबंध स्वतंत्र वस्तु म्हणून ओळखण्याचा इतिहास तेथें घडला. चौदाव्या शतकांत निकोल ओरेम या फ्रेंच पंडितानें एक साधी युक्ति काढली. आडव्या रेषेवर काळ मोजावा, आणि प्रत्येक क्षणाच्या बिंदूवर त्या क्षणीं असलेल्या वेगाइतकी उभी रेषा काढावी. सर्व उभ्या रेषांचीं टोकें मिळून वेगाचें चित्रच तयार होतें. आजच्या आलेखाचा हा पूर्वज. १६३८ सालीं गॅलिलिओच्या ग्रंथांत पडणाऱ्या पदार्थाचा नियम प्रसिद्ध झाला : काळाच्या पहिल्या भागांत एक माप अंतर, दुसऱ्यांत तीन, तिसऱ्यांत पांच, चौथ्यांत सात, म्हणजे एकूण अंतर एक, चार, नऊ, सोळा, अर्थात् काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत. त्याच्या आदल्याच वर्षीं, १६३७ सालीं, देकार्तनें वक्र रेषा समीकरणानें लिहिण्याची पद्धति जगापुढें ठेवली होती. कोष्टक, चित्र आणि समीकरण या तिन्ही वाटा अशा रीतीनें एकत्र आल्या. वस्तु तयार होती. नांव तेवढें नव्हतें.

तें नांव लाइब्निट्सनें दिलें. १६७३ सालच्या त्याच्या एका हस्तलिखितांत ‘फंक्शन’ या अर्थाचा लॅटिन शब्द प्रथम आढळतो. पण त्याचा अर्थ आजचा नव्हता. वक्रावरचा बिंदु सरकूं लागला म्हणजे त्याच्याशीं निगडित अशा कांहीं रेषाखंडांची लांबी बदलते, उदाहरणार्थ स्पर्शिकेची. वक्रासंबंधीं कामगिरी बजावणारे हे जे रेषाखंड, त्यांना त्यानें हें नांव दिलें. म्हणजे आरंभीं शब्द भूमितीचा होता. बाजेल येथील योहान बर्नुली यानें १७१८ सालीं त्याला भूमितींतून उचलून बीजगणितांत आणलें. त्यानें व्याख्या केली ती अशा आशयाची : एक बदलती राशि आणि कांहीं स्थिर राशि यांपासून कोणत्याहि रीतीनें बनलेली राशि म्हणजे त्या बदलत्या राशीचें फलन.

या बर्नुलीचा शिष्य लेओनार्ड ऑयलर. आज शाळेंत आपण एफ् लिहून कंसांत एक्स् लिहितों, ती खूण त्यानें १७३४ च्या सुमारास वापरली. १७४८ सालीं त्याचा दोन खंडांचा विख्यात ग्रंथ निघाला, आणि त्यांत त्यानें साऱ्या गणिताच्या मध्यभागीं फलनाला आणून बसविलें. तोंपर्यंत गणिताचा विषय वक्र रेषा हा होता, यापुढें फलन हा झाला. परंतु व्याख्या काय केली ? चल राशि व स्थिर अंक यांनीं कोणत्याहि रीतीनें घडविलेली बैजिक पदावली म्हणजे फलन. सरळ मराठींत, फलन म्हणजे सूत्र. शिवाय एका चलाला एकाहून अधिक फलें असणारीं फलनेंहि ऑयलरला मान्य होतीं. आजच्या व्याख्येंतले दोन्ही मुद्दे, म्हणजे ‘नियम कोणताहि चालेल’ आणि ‘फल एकच पाहिजे’, अद्यापि यावयाचेच होते. आपला मुलगा उभा आहे तो येथें.

ही व्याख्या डळमळीत झाली ती एका तारेमुळें. तंबोऱ्याची तार मधोमध बोटानें ओढून धरली म्हणजे तिचा आकार कसा होतो ? दोन सरळ रेषा, आणि बोटापाशीं एक कोपरा. बोट सोडलें कीं तार कंप पावूं लागते. तिचा प्रत्येक क्षणींचा आकार काय असेल, हा प्रश्न दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानें १७४७ सालीं सोडविला, आणि तो सोडवितांना एक अट घातली : तारेचा आरंभींचा आकार एकाच समीकरणानें सांगतां आला पाहिजे. दोन तुकड्यांचा, कोपरा असलेला आकार त्याला चालेना. त्याच्या मतें अशा आकाराला कलनशास्त्राचे नियम लागूच पडत नव्हते. ऑयलरनें दुसऱ्याच वर्षीं याला हरकत घेतली. हातानें तार हव्या त्या आकारांत ओढतां येते आणि ती वाजतेहि. मग गणितानें तिला नकार कां द्यावा? हातानें सहज काढलेली कोणतीहि रेषा येथें चालली पाहिजे, असा त्याचा आग्रह. १७५३ सालीं या वादांत योहानचा मुलगा डानिएल बर्नुली उतरला. तो गेला नादाच्या वाटेनें. तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरहि सूक्ष्मपणें ऐकूं येतात. तंबोऱ्यापुढें बसलेल्या कोणालाहि हें ठाऊक आहे. यावरून तो म्हणाला कीं, तारेचा कोणताहि आकार म्हणजे लहानमोठ्या ज्यालहरींची बेरीजच होय. हें म्हणणें दालांबेरला पटलें नाहीं आणि ऑयलरलाहि पटलें नाहीं. कोपरा असलेली रेषा गुळगुळीत लहरींच्या बेरजेनें कशी व्हावी ?

वाद वर्षानुवर्षें चालला आणि कोणीच कोणाला जिंकलें नाहीं. परंतु ऑयलरच्या मनावर त्याचा परिणाम झालेला दिसतो. १७५५ सालच्या ग्रंथांत त्यानें व्याख्या बदलली. कांहीं राशि दुसऱ्या राशींवर अशा अवलंबून असतील कीं, दुसऱ्या बदलल्या असतां पहिल्याहि बदलतात, तर पहिल्यांना दुसऱ्यांचीं फलनें म्हणावें. येथें सूत्राचें नांव नाहीं, अवलंबून असण्याची गोष्ट आहे. अवघ्या सात वर्षांत एवढ्या थोर माणसानें आपलीच व्याख्या मागें टाकली, हें मुलांना अवश्य सांगावें. गणितांत समज वाढत जाते, ती एकदम आकाशांतून उतरत नाहीं, हें त्यांना त्यावरून कळेल.

यानंतरचा धक्का उष्णतेनें दिला. जोझेफ फूरिये हा एका शिंप्याचा मुलगा. लहानपणींच पोरका झालेला. नेपोलियनबरोबर तो १७९८ सालीं ईजिप्तच्या स्वारीवर गेला, आणि परत आल्यावर ग्रनोब्ल येथें सरकारी अधिकारी म्हणून कारभार पाहूं लागला. कचेरीचें काम संभाळून त्यानें धातूंतून उष्णता कशी पसरते याचा अभ्यास केला, आणि १८०७ च्या डिसेंबरांत आपला निबंध पॅरिसच्या पंडितसभेपुढें ठेवला. त्यांतला मुख्य दावा डानिएल बर्नुलीहूनहि धीट होता. समजा, एका दांड्याचा अर्धा भाग तापलेला आणि अर्धा थंड आहे. मध्यें तपमानाची एकदम उडी आहे. असली उडीसुद्धां ज्यालहरींच्या अनंत बेरजेनें लिहितां येते, असें तो म्हणाला. परीक्षकांत वृद्ध लाग्रांज होता. त्याला हें पटलें नाहीं, आणि निबंध तसाच पडून राहिला. पुढें त्याच विषयावर फूरियेला पारितोषिक मिळालें, तेंहि त्याच्या सिद्धतेंत शिथिलता आहे असा शेरा मारून. १८२२ सालीं त्याचा ग्रंथ छापून निघाला, तेव्हां कोठें ही कल्पना सर्वांच्या हातीं आली.

लहरींची ही बेरीज केवळ पंडितांची करमणूक नव्हती. समुद्राच्या भरती-ओहोटीची उंची ही चंद्रसूर्यांच्या निरनिराळ्या गतींमुळें उठणाऱ्या अनेक लहरींची बेरीजच आहे. याच तत्त्वावर विल्यम टॉमसन, पुढें लॉर्ड केल्विन, यांनीं १८७२–७३ च्या सुमारास भरतीचें भाकीत करणारें यंत्र करविलें. आणि हिंदुस्थानांतल्या बंदरांसाठीं तसेंच एक यंत्र १८७९ सालीं लंडनमध्यें तयार झालें. ज्या आकाराला एक सोपें सूत्र नाहीं, त्याचा हिशेबहि करतां येतो, हें यावरून दिसून येईल.

तथापि तात्त्विक प्रश्न उरलाच होता. एक सूत्र असेल तर तें खरें फलन, आणि तुकड्यांतुकड्यांनीं बनलेलें तें हीन जातीचें, हा भेद लोकांच्या मनांतून जात नव्हता. १८४४ सालीं कोशी या फ्रेंच गणितज्ञानें एका लहानशा उदाहरणानें तो मोडून काढला. संख्या धन असेल तर ती तशीच ठेवा. ऋण असेल तर तिचें चिन्ह बदला. हा नियम दोन तुकड्यांचा झाला. पण संख्येचा वर्ग करून त्याचें धन वर्गमूळ घेतलें, तर नेमकीं हींच फलें मिळतात, आणि हें तर एकच सूत्र आहे ! तेंच फलन एका वेषांत कुलीन आणि दुसऱ्या वेषांत हीन कसें असेल ? वेष निराळा, मनुष्य तोच. हें उदाहरण दहावी झालेल्या कोणत्याहि मुलाला पांच मिनिटांत समजतें, आणि माझ्या अनुभवानें, शंभर व्याख्यांचें काम करतें.

कोशीच्या या उदाहरणापूर्वींच खरा निर्णय पेटर डिरिक्ले या जर्मन गणितज्ञानें दिलेला होता. तो तरुणपणीं पॅरिसमध्यें शिकला आणि तेथें फूरियेच्या सहवासांत आला. फूरियेची बेरीज कोणत्या अटींवर खरी ठरते, हें त्यानें १८२९ सालीं कांटेकोरपणें सिद्ध केलें. त्या निबंधाच्या शेवटीं त्यानें एक चमत्कारिक नियम सांगितला : संख्या परिमेय असेल, म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकानें लिहितां येत असेल, तर एक ठराविक फल; अपरिमेय असेल तर दुसरें. या नियमाचें चित्र कोणालाहि काढतां येणार नाहीं, कारण दोन्ही जातींच्या संख्या जागोजाग एकमेकींत मिसळलेल्या आहेत. तरीहि नियम अगदीं स्पष्ट आहे. मग १८३७ सालीं त्यानें मांडलें कीं, प्रत्येक चलाला एक निश्चित फल असलें म्हणजे झालें. सर्वत्र एकच कायदा चालावा किंवा तो गणिती क्रियांनीं व्यक्त व्हावा, याची गरज नाहीं. रशियांत काझान येथें लोबाचेव्हस्कीनेंहि १८३४ सालीं याच आशयाचें लिहिलें होतें. लाइब्निट्सच्या हस्तलिखितापासून हें अंतर १६४ वर्षांचें आहे. आपण तें विद्यार्थ्याकडून एका तासिकेंत चालवून घेऊं पाहतों.

येथें एका व्यवसायबंधूचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कार्ल वायर्स्ट्रास हा १८४२ पासून १८५५ पर्यंत लहान गांवांतल्या शाळांत मास्तर होता, आणि गणिताबरोबर मुलांना सुलेखन व व्यायामहि शिकवीत असे. १८५४ सालीं त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याची विद्वत्ता जगाला कळली. १८५६ पासून तो बर्लिनला अध्यापक झाला. १८७२ सालीं त्यानें बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें असें एक फलन ठेवलें कीं, त्याची रेषा कोठेंहि तुटत नाहीं, आणि तरीहि तिच्या एकाहि बिंदूवर स्पर्शिका काढतां येत नाहीं. जणूं कोपऱ्यांनींच भरलेली रेषा. पुष्कळांना ही विकृति वाटली. पण सूत्राचें आणि चित्राचें राज्य संपून संबंधाचें राज्य सुरू झालें होतें, ही गोष्ट त्या दिवशीं पक्की झाली. पुढें १९३९ सालीं ‘बूर्बाकी’ या टोपणनांवाखालीं लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळानें हीच कल्पना संचांच्या भाषेंत बसविली, आणि तीच दोन ओळी होऊन मुलांच्या पुस्तकांत आली.

शाळेचा प्रश्न मोठ्या गणितज्ञांना सुचलाच नव्हता असें नाहीं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञानें हयातभर शाळा आणि विद्यापीठ यांमधली दरी बुजविण्याचा यत्न केला. १९०५ सालीं मेरान येथें जर्मन शास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें गणितशिक्षणाच्या ज्या सूचना आल्या, त्यांमागें त्याचाच पुढाकार होता. शाळेंतल्या गणिताला फलनाच्या विचाराची संवय हें सूत्र असावें, अशी त्यांतली एक मुख्य सूचना होती. विचाराची संवय, बरें का ! व्याख्येचें पाठांतर नव्हे. एक गोष्ट बदलली तर दुसरी कशी बदलते, हें खालच्या वर्गापासून पाहावयास शिकवावें, असा त्याचा रोख होता.

या इतिहासावरून घरांत आणि वर्गांत काय घ्यावें, तें आतां थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट ही कीं, कल्पना ज्या क्रमानें जगांत आली, साधारण त्याच क्रमानें ती मुलापुढें यावी. आधीं कोष्टक, मग चित्र, मग सूत्र, मग सूत्रावांचून नियम, आणि व्याख्या सर्वांच्या शेवटीं. मुलाला चोवीस तासांचें तपमान टिपूं द्या आणि त्याचा आलेख काढूं द्या. मग विचारा, दुपारीं तीन वाजतां तपमान एकच होतें कीं दोन ? एकच. म्हणजे प्रत्येक वेळेला एकच फल आहे. आतां उलट विचारा, एकच तपमान दोन वेळां आलें काय ? सकाळीं आणि संध्याकाळीं येऊं शकतें, त्याला हरकत नाहीं. व्याख्येंतला ‘एक आणि एकच’ हा भाग एवढ्यानें समजतो. बसचें भाडें घ्या : कांहीं अंतरापर्यंत तेंच राहतें आणि टप्पा ओलांडला कीं एकदम उडी घेतें. दालांबेरनें हें फलन मानलें नसतें, डिरिक्लेनें मानलें असतें. मुलाला दोघांची बाजू मांडावयास लावा.

दुसरी गोष्ट त्रैराशिकाबद्दलची. त्रैराशिकानें आपल्याला फार दिलें. पण एक संवयहि लावली. त्यांत इच्छा दुप्पट केली कीं फल दुप्पट होतें. मुलाला वाटतें, सगळींच फलनें अशीं वागतात. म्हणून तो तीन अधिक चार यांचा वर्ग करतांना नऊ आणि सोळा मिळवून पंचवीस लिहितो, आणि खरें उत्तर एकोणपन्नास पाहून गोंधळतो. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे. एका जुन्या आणि उपयुक्त संवयीची ती सांवली आहे. चौरस अंगणाची बाजू दुप्पट केली तर फरशा दुप्पट लागतात कीं चौपट, हें त्याला जमिनीवर मांडून पाहूं द्या. खुद्द ‘लीलावती’तहि व्यस्त त्रैराशिक दिलेलें आहेच; त्यांत इच्छा वाढली कीं फल घटतें. सगळे नियम एका वळणाचे नसतात, हें आपल्याकडील जुन्या आचार्यांनाहि ठाऊक होतें.

तिसरी गोष्ट खुणेबद्दलची. एफ् आणि कंसांत एक्स् पाहिलें कीं पुष्कळ मुलें तो गुणाकार समजतात, कारण बीजगणितांत कंसाबाहेर अक्षर आलें तर गुणावयाचें, असेंच त्यांना आपण शिकविलेलें असतें. तेव्हां तेथें एक वाक्य बोलावें : कंसांत आहे ती इच्छा, बाहेर आहे तो नियम, आणि सगळें मिळून वाचलें म्हणजे इच्छाफल. ‘लीलावती’चे हे शब्द येथें आजहि उपयोगीं पडतात.

श्रोतेहो, आपल्या घरांतलें मूल ‘याचें सूत्र कोठें आहे ?’ असें विचारील, तेव्हां त्याच्यावर रागावूं नका. त्या प्रश्नानें ऑयलर, दालांबेर आणि लाग्रांज यांच्यासारख्यांना वर्षानुवर्षें गुंतवून ठेवलें होतें. त्याला तारेची गोष्ट सांगा, दांड्याची सांगा, वर्गमुळाचें उदाहरण द्या, आणि थोडा अवधि द्या. युरोपच्या पंडितांना आपण दीडशें वर्षें दिलीं. आपल्या मुलाला निदान एक सहामाही द्यावयास काय हरकत आहे?